‘पेव फुटणे’ : शेअर बाजारातल्या बूमला हा शब्द चालेल का?

कृष्णाकाठ :
परवा भाच्याच्या गाडीवर मागं बसून शंभर फुटी रस्त्यानं चालले होते. ‘शेअर मार्केट शिका, घरबसल्या कमवा’ अशा पाट्या मोजायला लागले, सातव्या पाटीला कंटाळले. म्हटलं, “काय हे, नुसतं पेव फुटलंय क्लासचं.” तर हा मागं वळून विचारतो, “मावशी, पेव म्हणजे गळू का गं?”

त्याचं तर्कशास्त्र चुकलेलं नाही. फुटतं ते गळू. पण पोरगं सांगलीत जन्मलेलं, हरिपूर सायकलीवर जाण्याइतकं जवळ आणि त्याला पेव ठाऊक नाही!

पेव म्हणजे धान्य किंवा हळद साठवायचं जमिनीतलं कोठार, एवढं मला माहीत आहे. ‘पेव फुटणे’ म्हणजे एखादी गोष्ट एकदम सगळीकडे दिसायला लागणे, सुळसुळाट होणे. वर्तमानपत्रात ‘आयपीओंचे पेव’ (आयपीओ म्हणजे कंपनीनं पहिल्यांदाच लोकांना शेअर विकायला काढणं) सर्रास वाचते. प्रश्न दोन. एक, या वाक्प्रचारात कुचेष्टा आहेच का, की नुसती विपुलता? दोन, बाजारात मोठी उसळी येते, सगळा गाव त्यात उतरतो, त्याला ‘बूम’ म्हणतात. त्याला आपला नेमका शब्द कोणता? ‘तेजी’ मला अपुरा वाटतो आणि ‘बुडबुडा’ हा निकाल लागल्यावर द्यायचा शब्द वाटतो.

संगम माहुली :
तेजी अपुरा का? उलट सगळ्यात रसरशीत शब्द तोच. फारसी ‘तेज’ म्हणजे धारदार, चपळ. संस्कृतातलं ‘तेजस्’ त्याचं चुलत भावंड, मूळ एकच, तिज् म्हणजे धार लावणे. ‘तीक्ष्ण’ त्याच धातूचा आणि तीक्ष्णावरून आपलं ‘तिखट’. म्हणजे मिरची आणि बाजार एकाच घरचे. जुन्या मराठीत ‘तेजी’ म्हणजे जातिवंत घोडासुद्धा. जोडीला ‘मंदी’ मात्र थेट संस्कृत ‘मंद’वरून. बाजारानं दोन भाषांतले दोन शब्द एका दाव्याला बांधले आणि कुणाला जोड दिसतसुद्धा नाही.

हल्ली मराठी बातम्यांत तेजीसाठी ‘बैल’ आणि मंदीसाठी ‘अस्वल’ घुसलेत, ते मात्र घालवा. आमच्याकडं बैल बसला तर औत थांबतं, आणि अस्वल आम्ही दरवेशाकडं सोडून कुठं बघितलेलं नाही.

वखारभागकर :
पेव या शब्दावर मला बोलू द्या, तीन पिढ्या हळदीत गेल्यात.

हरिपुरात कृष्णा-वारणेच्या संगमाच्या अलीकडं ही पेवं. वरून बघितलंत तर काहीच दिसत नाही. माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड, आत वीस-पंचवीस फूट खोल आणि खाली घागरीसारखं पोट. तळाला आणि कडेनं वाळका पाला लावायचा, वर हळदीची पोती किंवा सुट्टी हळद, तोंडावर दगडी चीप, त्यावर माती. आत हवा नाही म्हणून कीड नाही. वर्ष-दोन वर्षं माल तसाच राहतो, रंगही जात नाही. भाव मनासारखा नसला की माल पेवात आणि मालक घरात. त्या काळचं हे आमचं शीतगृह म्हणा, बँक म्हणा.

आता वाक्प्रचार. आम्ही पेव ‘भरतो’ आणि पेव ‘उघडतो’. ‘फुटलं’ असं आमच्यात कुणी हौसेनं म्हणत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं तेव्हा पेवं ‘गेली’ म्हणाले. आतली हळद कुजून वास गावभर. त्यानंतर बऱ्याच जणांनी पेवं सोडून गोदामं धरली. म्हणून बाजाराला ‘पेव फुटलं’ म्हटलं की मला आधी तो वास येतो, मग अर्थ. ताईंच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर : कुचेष्टा आहे आणि असावीच.

कृष्णाकाठ :
काका, तुमचा वास मान्य. पण ‘फुटणे’वर अन्याय होतोय. पालवी फुटते, तांबडं फुटतं, कंठ फुटतो, पाझर फुटतो, ऊसदराची कोंडी फुटते. यातलं काय वाईट? दुसऱ्या बाजूला काच फुटते, बांध फुटतो, परीक्षेचा पेपर फुटतो. उगवणं आणि उद्ध्वस्त होणं, दोन्हींना मराठीनं एकच क्रियापद ठेवलंय. बाजारातल्या उसळीच्या ऐन मध्यात उभं राहिल्यावर नेमकं हेच तर कळत नसतं, की ही पालवी आहे की काच.

वखारभागकर :
हे बरोबर बोललात.

टेलिप्रिंटर :
शब्द आणि यंत्र यांची जोडी बघायची असेल तर पानपट्टीवर जा. मटक्यात ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ म्हणतात ना, ते कुठून आलं? मुळात हा आकड्यांचा जुगार न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावावर चालायचा. ते भाव तारेनं मुंबईत यायचे. पुढं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडून भाव येणं थांबलं, तर इथं मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, म्हणून मटका. कापूस गेला, तार गेली, मडकंही गेलं, ‘ओपन-क्लोज’ राहिलं. ज्यानं आयुष्यात सरकी बघितली नाही तो रोज कापसाच्या भाषेत बोलतोय.

आणि कापसाचाच विषय निघालाय तर मुंबईची पहिली मोठी उसळी आठवा. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला. मुंबईत सोन्याचा पूर आला. प्रेमचंद रायचंद हे त्या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये तिकडं लढाई संपली आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांची, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांची, मुदत भरली तेव्हा इथं घरंच्या घरं बसली.

‘वायदा’ हा शब्द बघा. अरबीतून आलेला, अर्थ वचन. त्या १ जुलैला शेअरबरोबर वचनांचा भावही शून्य झाला. याला तेजी म्हणायचं? चार वर्षं अख्खं शहर अंगात आल्यासारखं वागत होतं. ‘खूळ’ म्हणा.

संगम माहुली :
खूळ पटत नाही. खूळ ओसरल्यावर काही उरत नाही. त्या प्रेमचंदांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला २ लाख दिले, मग मनोऱ्यासाठी आणखी २ लाख, आईच्या नावानं. राजाबाई टॉवर अजून तास देतोय. आणि जे शेअर दलाल त्या पडझडीतून उरले, त्यांच्यातूनच १८७५ मध्ये दलालांची रीतसर संस्था उभी राहिली, आजचा मुंबई शेअर बाजार.

ऊसवाला :
तुमच्या मोठ्या चर्चेत एक बारका मुद्दा घालतो. ‘शेअर’ या शब्दाचाच अर्थ बघा ना.

आमच्या वाळवा-पलूस भागात ‘शेअर आहे का?’ असं विचारलं तर त्याचा अर्थ साखर कारखान्याचा शेअर आहे का. आजोबांच्या नावाचा, मग वारसनोंद, मग भावाभावांत वाद. तो विकायचा नसतो आणि रोज उठून त्याचा भाव कुणी बघत नाही. शेअर असला की ऊस जातो, सवलतीची साखर मिळते, वार्षिक सभेला जाऊन ओरडता येतं. सोयरीक बघताना शेअर सांगायचे. तिथं माणसाला ‘भागधारक’ कुणी म्हणत नाही, ‘सभासद’ म्हणतात. सभेत बसणारा तो सभासद.

आमच्या थोरल्यानं मोबाईलवर डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडलं आणि जेवताना म्हणाला, “मी आज शेअर घेतले.” माझ्या वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. “कुठल्या कारखान्याचे?” पोरगं म्हणालं, “विकले पण दुपारी.” म्हाताऱ्याला वाटलं घरातली जमीन विकली. दोघं एकच शब्द बोलत होते.

आणि तिसरा अर्थ नातीचा. तिला ‘शेअर कर’ म्हणजे फोटो पाठव.

कृष्णाकाठ :
ऊसवाले दादा, हे सोनं आहे. धाग्याला हेच हवं होतं. तीन पिढ्या, तीन यंत्रं : चरक, मोबाईल, मोबाईलमधला कॅमेरा. मधली पायरी मात्र राहिली. माझ्या वडिलांची. त्यांच्याकडं शेअर म्हणजे कागद. पाकिटातून यायचे, लोखंडी कपाटात कापूर घालून ठेवलेले. १९९२ च्या त्या वर्षी सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, एप्रिलात ४,४०० च्या वर गेला आणि मग कोसळला, तेव्हा बाबा संध्याकाळी एसटीडी बूथवरून मुंबईला मामांना फोन लावून भाव विचारायचे. मीटरचे लाल आकडे पळत असायचे म्हणून वाक्यं तोडून बोलायचे. “कागद ठेवू का काढू?” एवढंच. कागद काढणे म्हणजे विकणे. ते कपाट आता उघडलं तर काही कंपन्यांचा पत्ताच नाही, कागद मात्र कोरे करकरीत.

लोअर सर्किट :
मावशी, मीच तो गळूवाला. नाव बदलून आलोय.

आमचे शब्द पण घ्या. ‘सर्किट लागलं’ म्हणजे शेअर दिवसाच्या मर्यादेला जाऊन अडकला. ‘कॉल’चे तर तीन अर्थ. फोन, ऑप्शनमधला कॉल (ठरल्या भावानं शेअर घ्यायचा विकत घेतलेला हक्क), आणि ग्रुपवर कुणी दिलेला सल्ला. “सरांचा कॉल आला, मी कॉल घेतला, मग सरांना कॉल केला, उचलला नाही.” हे खरं वाक्य आहे, माझं स्वतःचं. ‘कॅन्डल’ म्हणजे चार्टवरची लाल-हिरवी दांडी. लाईट गेल्यावर आई म्हणाली कॅन्डल बघ, मी मोबाईल काढला.

आणि हो, सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा, अहवाल मला पाठवू नकोस, मी वाचलाय. फ्युचर-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांत, तीन वर्षांत १०० तले ९३ जण तोट्यात. मी ९३ मध्येच आहे. पण माझ्या वर्गातली निम्मी पोरं हे करतात. मार्च २०२० ला देशात ४ कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, २०२४ मध्ये १५ कोटींच्या वर गेली. याला एक शब्द द्या बघू.

कृष्णाकाठ :
देते. पेव फुटलं.

आता माझं म्हणणं मांडते, कारण वखारभागकर काकांनी पेवाचं पोट दाखवल्यापासून ते डोक्यात घोळतंय. बुडबुडा, फुगा हे शब्द फक्त फुटण्याचा क्षण सांगतात. आत काय होतं? हवा. पेवात माल असतो. तो अंधारात, कुणाला न दिसता, आधी भरलेला असतो. मग एक दिवस चीप सरकते आणि लोकांना वाटतं हे सगळं आजच उगवलं.

इंग्लंडात लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० ला सुरू झाली. लोकांना रेल्वेच्या शेअरांचं वेड लागलं ते पंधरा वर्षांनी. १८४६ या एका वर्षात तिथल्या संसदेनं अडीचशेहून जास्त रेल्वे कायदे मंजूर केले. पुढं भाव आपटले, कित्येक मार्ग कागदावरच राहिले, पण जे रूळ पडले त्यांवरून गाड्या धावल्या. अमेरिकेत १९२० च्या सुमारास रेडिओचं प्रसारण सुरू झालं, १९२९ मध्ये रेडिओ कंपनीचा शेअर सगळ्यांच्या तोंडी होता, आणि त्याच वर्षी तो पडला. इंटरनेटचं तेच. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ ला मांडली, वेब बघायचं सॉफ्टवेअर करणाऱ्या नेटस्केपचा शेअर बाजारात आला १९९५ ला, नॅस्डॅक हा अमेरिकी निर्देशांक ५,०४८ वर गेला १० मार्च २००० ला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला. आपल्याकडं त्या दिवसांत कंपन्या नावात ‘इन्फो’ आणि ‘सॉफ्ट’ घालून घेत होत्या. आता ‘एआय’ घालतात. धंदा तोच, पाटी नवी.

म्हणजे यंत्र आधी येतं. मग माणसांना त्याची सवय होते, जगण्याची रीत बदलते, बोलणं बदलतं. पैसा सगळ्यात शेवटी धावतो आणि सगळ्यात जास्त आवाज तोच करतो. भाच्याचं बघा. स्वस्त डेटा आधी आला, बोटावर पैसे द्यायची सवय त्यानंतर, मग घरात कोंडून घालणारी टाळेबंदी. चीप सरकली ती त्यानंतर.

संगम माहुली :
पण मग तुमच्या व्याख्येत पेव हा स्तुतीचा शब्द झाला. ‘डेंग्यूचे पेव’, ‘बोगस डॉक्टरांचे पेव’ हे वापर कुठं टाकायचे? रूढी तुमच्या विरुद्ध आहे.

कृष्णाकाठ :
रूढी विरुद्ध आहे, कबूल. आणि तेजीचा घोडा मला आवडला. एका दिवसाच्या, आठवड्याच्या चढाला तेजीच म्हणेन. चार-पाच वर्षं चालून माणसांच्या सवयी उघड्या पाडणारी जी उसळी असते तिच्यासाठी मला पेव हवंय. रूढीतली कुचेष्टाही राहू दे, नाहीतरी त्यात थोडी लागतेच.

ऊसवाला :
मला काही वेगळंच दिसतं. पेव रिकामं झालं तर खड्डा उरतो आणि तो पुन्हा भरता येतो. फुगा पुन्हा फुगवता येत नाही. बाकी तुम्ही शिकलेली माणसं.

वखारभागकर :
एवढी चर्चा झाली आणि निम्म्यांनी पेव बघितलेलं नाही. आमच्या पाहुण्यांचं एक अजून वापरात आहे, रविवारी उघडणार आहेत. ताई, भाच्याला घेऊन हरिपूरला या. पण लवकर या आणि वेळ काढून या. चीप काढल्याबरोबर आत उतरायचं नसतं, आत कोंडलेली हवा जीव घेते. तोंड उघडं ठेवून थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. पेटता राहिला तर माणूस उतरतो.

लोअर सर्किट :
काका, कंदील कुठं शोधताय, मोबाईलचा टॉर्च सोडू की दोरीनं.

वखारभागकर :
टॉर्च विझत नाही रे बाळा. म्हणून तर चालत नाही.