जुनी विमान तिकिटं: सगळी कूपनं शाबूत असलेली घ्यावीत का?

घोडबंदरकर: एअर इंडियाचं जुनं कागदी तिकीट विकणारा पहिलं वाक्य हेच टाकतो, 'पूर्ण आहे, एकही कूपन फाटलेलं नाही', आणि त्यावर भाव चढवतो. माझ्या मते उलट हवं. तिकीट म्हणजे कूपनांची चळत; त्यातलं फ्लाइट कूपन, म्हणजे दर उड्डाणाचं एक पान, चेक-इनला फाडून घेत. प्रवाशाकडे उरायचं कव्हर, अटींची पानं आणि शेवटचं पॅसेंजर कूपन. कूपनं शाबूत म्हणजे माणूस विमानात चढलाच नाही. ती नुसती स्टेशनरी.

वाशी खाडी: साफ नामंजूर. पॅसेंजर कूपनवर वाचता काय येतं? हाती लिहिलेल्या तिकिटात बॉलपेन टेकायचं ते सगळ्यात वरच्या ऑडिट कूपनवर. त्याखाली एजंट कूपन, मग फ्लाइट कूपनं, आणि तळाला पॅसेंजर कूपन. अक्षर खाली उमटायचं ते कूपनांच्या पाठीच्या लाल कार्बनने, आणि तळापर्यंत दाब पोचेपर्यंत भाड्याचा रकाना नुसता लाल धूर. वरच्या फ्लाइट कूपनांवर तोच आकडा जास्त स्वच्छ दिसतो. जाताना वापरलेलं, परतीची कूपनं राहिलेली असं तिकीट मिळालं तर सोडू नका.

कोपरी पूर्व: आधी खरं-खोटं बघा, मग भांडा. पॅसेंजर कूपनवर थेट बॉलपेनची शाई दिसली तर कोरं तिकीट मागाहून भरलेलं असण्याची शंका घ्या. भाड्याच्या हिशेबात 'एनयूसी' हे भाडं मोजायचं एकक असेल तर तिकीट १९८९ च्या आधीचं नाही, त्यापूर्वी 'एफसीयू' हे एकक लिहीत. क्रमांकाची सुरुवात ०९८ म्हणजे एअर इंडिया, ०५८ म्हणजे इंडियन एअरलाइन्स. एअर इंडियाच्या नावातलं 'इंटरनॅशनल' १९६२ मध्ये गेलं. १९७० चं तिकीट 'इंटरनॅशनल'च्या कव्हरात असेल तर जोडी जुळवलेली समजा. महाराजाच्या चित्राला गिऱ्हाईक पटकन भुलतं.

घोडबंदरकर: तारखांचं मान्य. पण खाडीवाले, तुमच्या शाबूत कूपनांच्या पाठीला लाल कार्बन असतो, त्याचं काय? चळत दाबून ठेवली की वरचा कार्बन खालच्या पानावर उमटतो. पाठीवर पेन्सिलीने नोंद केली तरी खाली उमटते. पूर्ण तिकीट स्वतःलाच खातं.

वाशी खाडी: खातं ते निष्काळजी माणसाकडे. प्रत्येक दोन कूपनांमध्ये आम्लरहित पातळ कागद, आणि सगळं पॉलिएस्टरच्या पाकिटात, आडवं, वर वजन न ठेवता. पीव्हीसीचा अल्बम नकोच, त्यातलं प्लास्टिसायझर कार्बन ओढून घेतं आणि अक्षरं पाकिटाला चिकटून येतात. नोंद वेगळ्या चिठ्ठीवर. लॅमिनेशन केलंत तर तिकीट गेलंच.

कोपरी पूर्व: आणि एजंटाने टोचलेली पिन पावसाळ्याआधी काढा. आपल्याकडच्या दमटीत तिचा गंज कागदात उतरतो. स्टेपल रिमूव्हर लावू नका, कोपरा फाटतो. मागचे दोन पाय बोथट पातीने सरळ करा, मग पुढून उचला. पिनेची भोकं तशीच राहू द्या.

घोडबंदरकर: पिन काढली की विक्रेता म्हणणार, 'आता पूर्ण नाही.'

वाशी खाडी: म्हणू दे. पिन एजंटाची, तिकीट कंपनीचं.