२५ डिसेंबर आणि सूर्यदेवाचा वाढदिवस

‘नाताळ म्हणजे सूर्यदेवाचा सण, चर्चने फक्त नाव बदललं’ असं अनेकदा ठामपणे सांगितलं जातं. पुरावा तितका पक्का नाही. इ.स. ३५४ च्या रोमन पंचांगात २५ डिसेंबरपुढे ‘अजिंक्याचा जन्म, ३० रथशर्यती’ अशी नोंद आहे (अजिंक्य म्हणजे बहुधा सूर्यदेव). आणि त्याच संग्रहातल्या हुतात्म्यांच्या यादीत त्याच तारखेला बेथलेहेममधला ख्रिस्तजन्म. कोणी कोणाचं उचललं, हे त्यावरून ठरत नाही. दुसरी उपपत्ती गणिताची: मरियेची गर्भधारणा २५ मार्चला धरली की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबरच येतो.

बायबलच्या यिर्मया या पुस्तकातलं (१०:३-४) सोन्यारुप्याने मढवलेलं झाड म्हणजे ख्रिसमस ट्री, हा युक्तिवाद तर पुढचं वचन वाचलं की कोसळतो. त्या ‘झाडाला’ बोलता-चालता येत नाही, उचलून न्यावं लागतं. म्हणजे ती कोरलेली मूर्ती.

सण न पाळणाऱ्यांची भूमिका मात्र पोकळ नाही. प्युरिटनांचा, म्हणजे सतराव्या शतकातल्या कडव्या इंग्रज प्रोटेस्टंटांचा, मुख्य आक्षेप ‘शास्त्रात आज्ञा नाही’ हा होता. अमेरिकेतल्या त्यांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ नाताळ पाळल्यास ५ शिलिंग दंड होता. यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ मानणारे आजही पाळत नाहीत. पाळणारे नव्या करारातलं रोमकरांस पत्र १४:५-६ दाखवतात, पण त्याच अध्यायात एकमेकांना दोष देऊ नये, हेही येतंच.