स्वमग्न मुलाला स्वतःचा राग वेळीच ओळखायला कसे शिकवावे? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या साडेपाच वर्षांच्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे. तो लहान वाक्यांत बोलतो आणि भावनांच्या चित्रकार्डांवरचे हसरे, रडके, चिडलेले चेहरे अचूक ओळखतो. मात्र तो स्वतः अस्वस्थ असताना ‘तुला काय होतंय?’ असे विचारले, तर उत्तर येत नाही. फार तर तोच प्रश्न तो पुन्हा म्हणतो.

मिक्सर सुरू झाला किंवा शाळेची व्हॅन नेहमीची गल्ली सोडून दुसरीकडून निघाली, की आधी त्याची बोटे शर्टाचे शेवटचे बटण फिरवू लागतात, मग गुणगुणणे वाढते, कान लाल होतात आणि त्यानंतर तो किंचाळत जमिनीवर अंग टाकून स्वतःचे मनगट चावतो. हा हट्ट नव्हे. कारण हवी ती वस्तू हातात दिली तरी ते थांबत नाही. (हे आजी-आजोबांना पटवणे हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे!) अशा वेळी आम्ही बोलणे थांबवतो, दिवे मालवतो आणि त्याला हवी असेल तरच जाड गोधडी अंगावर देतो. त्याने तो हळूहळू निवळतो.

प्रश्न या उद्रेकाच्या आधीच्या काही मिनिटांचा आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (मुलाला रोजचे व्यवहार जमावेत यासाठी उपचार देणाऱ्या तज्ज्ञांच्या) सांगण्यानुसार छातीतील धडधड, भूक, लघवीची भावना असे शरीराच्या आतून येणारे संकेत अनेक स्वमग्न मुलांना स्पष्टपणे जाणवत नाहीत, त्यामुळे भावनेच्या नावाआधी शरीराची खूण शिकवावी. त्यासाठी आम्ही पाच पायऱ्यांची पट्टी केली. त्याला लिफ्टचे वेड असल्यामुळे पायऱ्यांऐवजी मजले काढले: पहिला शांत, पाचवा अनावर. परंतु आम्ही राहतो पाचव्या मजल्यावर, त्यामुळे स्वारी खुशीत असली की पट्टीवरचा बाण थेट पाचव्यावर! आता मजल्यांचा क्रम उलटा करावा, की केवळ रंग वापरावेत?

‘बोटं बटण फिरवताहेत’ असे त्या क्षणी शांतपणे सांगितल्याने मुलाला खूण कळते, की त्याच्यावरचा ताण वाढतो, याविषयी पालकांचा अनुभव वाचायला आवडेल. गणपती जवळ आले की आमच्या भागात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू होतो. आवाज रोखणारे हेडफोन तो एरवी आनंदाने घालतो, पण अस्वस्थता वाढली की नेमके तेव्हाच भिरकावतो. ते वेळेआधी मागण्यासाठी कोणी चित्रकार्ड किंवा हाताची खूण शिकवली आहे का? मोठ्या शिशुगटातील त्याच्या बाई मदतीस तयार आहेत, परंतु वर्ग मोठा असल्याने त्यांना झेपेल अशी एकच साधी खूण हवी आहे.

औषधांविषयी आमचे डॉक्टरांशी बोलणे सुरू आहे, त्यामुळे कृपया त्याबाबत सुचवू नये.