मदत हवी आहे : माळावरचं दगडी वर्तुळ वाचवायचंय

नमस्कार मंडळी, गोकाककडच्या आमच्या मामांच्या शिवाराला लागून एक माळ आहे, तिथं मोठमोठे ओबडधोबड दगड गोल मांडून अर्धे जमिनीत गाडलेत, मधे बारीक दगडांचा उंचवटा. लोक त्याला पांडवांचं म्हणतात, पण मला ते महापाषाण काळातलं, म्हणजे लोखंड वापरायला लागलेल्या लोकांचं दफन वाटतंय, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं असू शकतं. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी शेकडो वर्तुळं आहेत, चित्रदुर्गच्या ब्रह्मगिरीला पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरनी १९४७ ला खोदकाम केलेलं, आणि आपल्या इथं कोन्नूरला पण त्या काळातली दगडी थडगी आहेत.

कडेला नांगरटीत खापरं वर आलीत, आतून पूर्ण काळी, बाहेरून काठाला काळी आणि खाली लाल, हात फिरवला की गुळगुळीत लागतात. महापाषाण दफनात अशीच काळी-लाल भांडी सापडतात म्हणून माझी खात्री वाढली. मी ती उचलली नाहीत, फक्त फोटो काढलेत.

आता अडचण अशी की तिथून मुरूम काढायला जेसीबी यायचाय आणि दोन दगड आधीच बांधाला गेलेत, बघून जीव तुटतो हो. धारवाडच्या पुरातत्त्व ऑफिसला अर्ज करायचा की आधी तहसीलदारांना? कुणी आधी असं केलंय का? अर्ज कन्नडमधून लिहून देणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, मला बोलता येतं पण सरकारी कन्नड लिहायला जमत नाही. जागेचं लोकेशन इथं टाकत नाही, गुप्तधनवाले लगेच खणायला येतात, मेसेज करा.