मदत हवी आहे: बदक अंड्यावर बसून २८ दिवस उलटले, पिल्लं निघत नाहीत

केळीबाग_यावल:
राम राम मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून सगळं एकदमच लिहितो. आमच्या वावरात विहिरीजवळ पंपाच्या खोलीमागे केळीच्या वाळलेल्या पानांचा ढीग असतो, त्यात आमची बदकाची मादी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास खुडूक बसली. छातीची पिसं उपटून तिने घरटं असं भरलंय की अंडी दिसतच नाहीत, डझनभर तरी असतील. मी जिथे वाचलं तिथे बदकाची पिल्लं २८ दिवसांत निघतात असंच लिहिलेलं आहे. ते दिवस होऊन गेले, वर अजून तीनचार दिवस झाले, एकाही अंड्याला चीर नाही. घरात सगळे म्हणताय की अंडी उन्हाने उकडली, फेकून दे, नाहीतर ती उपाशी बसून मरेल. फक्त आमची मोठी माय म्हणते, "तिले बसू दे, तिले बठ्ठं समजस." म्हणजे तिला सगळं कळतं.

ऊन तुम्हाला माहीतच आहे, रावेर यावलकडे ४४-४५ चाललंय. दुपारी ती थोडा वेळ उठते, हौदात बुडी मारते आणि ओल्याच अंगाने परत अंड्यावर बसते, त्याने अंडी सडतात का? दुसरं म्हणजे बांधावर मुंगसाची जोडी आहे, कोंबड्यांची पिल्लं त्यांनी आधी नेलीत, त्यामुळे रात्रभर जीव थाऱ्यावर नसतो. घरटं उचलून गोठ्यात नेऊ का? आणि पिल्लं निघालीच तर खायला काय, आमच्याकडे सरकी ढेप आणि मक्याचा भरडा आहे. ही मादी मी स्वतः लहानाची मोठी केलीय, तिची मेहनत वाया जाऊ नये एवढंच वाटतं.

पांझराकाठ:
भाऊ, अंडी फेकू नका! आधी दोन गोष्टी सांगा. तोंडावर डोळ्याभोवती लाल खडबडीत मांस आहे का? आणि ती क्वॅक क्वॅक ओरडते की नुसतं फिस्सफिस्स करते?

केळीबाग_यावल:
हो ताई, तोंड पूर्ण लाल आहे. ओरडत नाही, जवळ गेलं की सापासारखी फिस्स करते, शेपटी हलवते. उडून पत्र्यावर पण बसते.

पांझराकाठ:
मग झालं तर. ही मस्कोव्ही आहे. २८ दिवस हा हिशोब साध्या बदकांचा, म्हणजे खाकी कॅम्पबेल, पेकिन वगैरे, ती सगळी रानबदकाच्या म्हणजे मॅलार्डच्या वंशातली. मस्कोव्ही जातच वेगळी, मूळची दक्षिण अमेरिकेकडची, तिला ३३ ते ३५ दिवस लागतात, कधी एखाददोन दिवस जास्त. आणि दिवस मोजायचे ते पहिलं अंडं घातलं तेव्हापासून नाही, ती पक्की बसून राहायला लागली तेव्हापासून. तुमचे दिवस अजून भरलेलेच नाहीत.

तरी खात्री करायची असेल तर अंधार पडल्यावर, ती खायला उठली की एकेक अंडं हातात घेऊन मोठ्या टोकाला मोबाईलचा टॉर्च लावून बघा. आता शेवटच्या टप्प्यात जिवंत अंडं जवळजवळ पूर्ण काळं दिसतं आणि मोठ्या टोकाला हवेची मोकळी जागा स्वच्छ दिसते, कधी कधी आत हालचालही दिसते. जे आरपार पिवळं दिसेल ते फळलेलंच नव्हतं. ज्याला वास येतो किंवा आत पाणी हलल्यासारखं वाटतं ते हळूच उचलून लांब नेऊन पुरा, घरट्यात फुटलं तर बाकीच्यांना घाण लागते. पाण्यात तरंगवून बघायचं कोणी सांगितलं तर ऐकू नका, कवच कुठे बारीक तडकलेलं असेल तर पाणी आत जाऊन पिल्लू बुडतं.

ओल्या अंगाचं म्हणाल तर ते चांगलंच आहे. बदकाच्या अंड्याला ओल कोंबडीच्या अंड्यापेक्षा जास्त लागते, मशीनवाले सुद्धा शेवटच्या दिवसांत आतली ओल वाढवतात. आपल्याकडची कोरडी झळ बघता ती पोटाला पाणी लावून आणते म्हणूनच अंड्याच्या आतली पातळ पापडी सुकत नाही. ती सुकून चिवट झाली की पिल्लू आतच अडकतं. हौद मोकळा ठेवा, फक्त पाणी स्वच्छ ठेवा. पण सावली पाहिजेच पाहिजे. अंड्याला साधारण ३७.५ अंश लागतात, ४० च्या वर बराच वेळ गेला तर आतला जीव जातो. ती उठलेली असताना थेट ऊन पडलं तर मात्र घरचे म्हणतात तसं होईल. वरून दोन फुटांवर हिरवी शेडनेट बांधा, आणि आजूबाजूच्या मातीवर पाणी शिंपडा, घरट्यात नको.

नवापूरकर:
जागा हलवू नका, या टप्प्यावर तर नकोच. मस्कोव्ही चिवट असते पण घरटं हललं तर सोडून जाऊ शकते. ती जिथे आहे तिथेच तिच्याभोवती खोली उभी करा. साध्या षटकोनी कोंबडी जाळीवर विसंबू नका, तिच्या भोकातून उंदीर आणि बारीक साप सहज आत येतात आणि मुंगूस खालून उकरतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली चौकोनी भोकांची तारेची जाळी आणा, फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड ठेवा, उकरायला आला की जाळी लागते आणि तो सोडून देतो. वरचं तोंड बंद पाहिजे, बोका वरून येतो आणि पिल्लं निघाली की दिवसा कावळे, घारी. दुपारी तिला हौदावर जायला एक फळी सरकवून ठेवा, संध्याकाळी बंद. मुंगसाला मारायचं किंवा विष ठेवायचं डोक्यात आणू नका, कायद्याने तो संरक्षित आहे, आणि उंदराचं औषध सांडलं तर पहिल्यांदा बदकच खाईल.

तुमची केळी आहे म्हणून अजून एक. बुंध्याला फ्युराडानसारखं दाणेदार कीटकनाशक टाकलं असेल तर त्या ओळीत पिल्लं अजिबात सोडू नका. चिखलात चोच घालून दाणा उचलायची बदकाला सवयच असते आणि ते थोडं जरी पोटात गेलं तरी पक्षी जागेवर मरतो.

केळीबाग_यावल:
जाळी लावली. टॉर्चने पाहिलं, बहुतेक सगळी काळी आहेत, दोन पिवळी निघाली ती काढली. ताई, दादा, काय सांगू, घरात आता सगळे शांत झाले.

केळीबाग_यावल:
परत त्रास देतोय. काल संध्याकाळी एका अंड्याला टोचल्यासारखं भोक पडलं, आतून चिवचिव येते. आज सकाळपर्यंत तेवढंच भोक. काकाचा पोऱ्या म्हणतो कवच सोलून काढू, गुदमरेल. काय करू?

पांझराकाठ:
हात लावू नका. पोऱ्यालाही लावू देऊ नका. पहिलं भोक पडल्यावर बदकाच्या पिल्लाला २४ ते ४८ तास लागू शकतात. त्या भोकातून ते श्वास घेतंय, गुदमरत नाही. या वेळात पापडीतल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त त्याच्या अंगात परत जातं आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. आधी सोललं तर रक्तस्राव होऊन मरतं, नाहीतर बलक बाहेर लोंबत राहतो. झालं की ते स्वतः गोल गोल फिरत कवचाची टोपी कापतं, ते काम मग लवकर होतं.

दोन दिवस होऊन गेले, चिवचिव बारीक झाली, पापडी पिवळी पडून चामड्यासारखी झाली तरच कोमट पाण्यात कापसाचा बोळा बुडवून भोकाच्या कडेला फक्त ओलावा द्या, नाकपुडीवर पाणी नको. लाल रेघ, म्हणजे रक्तवाहिनी, दिसली की तिथेच थांबायचं.

आणि पहिलं पिल्लू निघाल्यावर ते काही खात नाही म्हणून घाबरू नका, पोटातला बलक त्याला एकदोन दिवस पुरतो. निसर्गानेच ती सोय केलीय, कारण आई सगळी निघेपर्यंत उठत नाही. तिच्यासमोर मात्र पाणी आणि दाणे ठेवा, तिचं वजन फार उतरलेलं असतं.

नवापूरकर:
खाण्याचं राहिलं होतं. सरकी ढेप म्हशीला ठेवा. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, पक्ष्यांना ते चालत नाही, लहान पिल्लांना तर नकोच. मका चालेल पण कोरडा आणि वास न येणारा. बुरशीच्या विषाला, अफ्लाटॉक्सिनला, बदकाचं पिल्लू कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त बळी पडतं, म्हणून जुनी शेंगदाणा ढेपही बाद. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य आणा आणि ते ओलसर करून द्या, शेजारी पाणी हवंच, नाहीतर घशात अडकतं. बदकाच्या पिल्लाला नायसिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) जास्त लागतं, एक किलो खाद्यात ५५ मिलिग्रॅम धरतात, कोंबडीच्या खाद्यात बहुतेक कमीच पडतं आणि मग पाय वाकडे होतात. ब्रूअर्स यीस्टची पावडर मिळाली तर थोडी मिसळा, त्यात नायसिन असतं.

पाणी पसरट ताटलीत, मध्ये गोटे टाकून. चोच नाकपुडीपर्यंत बुडली पाहिजे पण अंग नको. हौदावर तुर्त पाट्या टाका. सरळ भिंतीच्या हौदात पिल्लू पडलं की वर येता येत नाही आणि पोहून पोहून थकून बुडतं. विहिरीच्या काठाला पण जाळी मारा.

आमच्या नवापुरात २००६ ला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, कोंबड्या पुरल्या ते दिवस आम्ही विसरलो नाही. बदकात तो रोग लक्षण न दाखवता राहू शकतो, म्हणून बदकं आणि कोंबड्या एका खुराड्यात नका ठेवू. कधी पटापट पक्षी मेले तर उघड्यावर फेकायचे नाहीत, सरळ जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवायचं.

केळीबाग_यावल:
निघाली! पिवळी काळी ठिपक्यांची पिल्लं पंखाखालून डोकी काढताय. काल ज्याची काळजी करत होतो ते सगळ्यात दांडगं आहे. मोठ्या मायने तिच्यासमोर ओली बाजरी ठेवली. आता तीन अंडी राहिलीत आणि ती पिल्लं घेऊन उठायला लागलीय. ती तीन कोंबडीखाली ठेवू का?

पांझराकाठ:
अभिनंदन भाऊ! मोठ्या मायला नमस्कार सांगा. ती तीन आधी कानाला लावा आणि टॉर्चने बघा. आवाज किंवा हालचाल असेल तर आजच्या रात्री खुडूक कोंबडीखाली ठेवा, कोंबडीजवळ बदक नेऊ नका, फक्त अंडी. काहीच नसेल तर पुरून टाका. आणि जुनी पानं काढून आत कोरडं भुस्कट टाका, ओल्या घाणीत पिल्लं आजारी पडतात. नर बदक असेल तर त्याला काही आठवडे वेगळा ठेवा, तो पिल्लांना टोचू शकतो.

केळीबाग_यावल:
एकात टकटक येतेय ताई. कोंबडी शेजारच्या वाड्यातून आणायला चाललो.