मदत हवी आहे: जुन्या फिगरचे रबरी भाग कसे टिकवावेत?

१९८२ सालच्या जी. आय. जो या अमेरिकी सैनिक-खेळण्यांप्रमाणे ज्यांचे धड आणि पाय आतून एका रबरी ओ-रिंगने (गोल कडीने) जोडलेले असतात, अशा काही जुन्या अ‍ॅक्शन फिगर (सांधे हलवता येणाऱ्या खेळण्यातील बाहुल्या) माझ्या संग्रहात आहेत. त्यांपैकी एकीची रिंग इतकी कडक झाली आहे की कंबर किंचित ताणली तरी तिच्यावर बारीक भेगा दिसतात. दुसरीचे मऊ पीव्हीसी प्लास्टिकचे बूट मात्र चिकट झाले असून बोट लावले की ठसा उमटतो आणि धूळ निघता निघत नाही.

माझी खरी अडचण साठवणुकीची आहे. नैसर्गिक रबर ऑक्सिजन आणि ओझोनमुळे खराब होते, म्हणून ते हवाबंद पिशवीत ऑक्सिजन शोषक पुडीसह ठेवणे योग्य ठरते. पण पीव्हीसीतून बाहेर पडणारे प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारे रसायन) आणि आम्लयुक्त वाफा बंद जागेत साचतात, त्यामुळे त्याला खेळती हवा द्यावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. दोन्ही पदार्थ एकाच फिगरमध्ये असतील, तर कोणाची बाजू घ्यावी? उजेड आणि उष्णतेपासून दोन्ही दूर ठेवावेत, याबद्दल शंका नाही.

रिंग तुटण्याआधीच बदलावी आणि मूळ रिंग वेगळी जपून ठेवावी, असे माझे मत झाले आहे. नवी रिंग ओझोनला चांगली तोंड देणाऱ्या ईपीडीएमची घ्यावी की नायट्राइलची (दोन्ही कृत्रिम रबरे), हे कृपया अनुभवाने सांगावे. पेट्रोलियम जेलीने नैसर्गिक रबर फुगते, म्हणून ती मी टाळतो. बुटांचा चिकटपणा रंग न जाता कशाने काढता येईल?