मदत हवी आहे : जुन्या फुटेजला धक्का न लावता सामायिक स्टोरेजचा वेग कसा वाढवावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच एडिटर एकाच नॅसवरून (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक स्टोरेजवरून) काम करतो. आत सहा हार्ड डिस्क, झेडएफएस या फाइलप्रणालीचा एकच रेडझेड२ गट (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकतो असा), आणि नेटवर्क १ गिगाबिटचं. एचडी होतं तोवर निभावलं. आता फोरके प्रोरेस ४२२ एचक्यू या जड व्हिडिओ फॉरमॅटमधलं फुटेज येतंय. २५ फ्रेमच्या अशा एका स्ट्रीमलाच सेकंदाला साधारण ९२ मेगाबाइट लागतात आणि १ गिगाबिटची तार कागदोपत्रीसुद्धा १२५ मेगाबाइटला संपते. दोघांनी एकदम टाइमलाइन चालवली की दोघांचीही अडखळते.

नॅस, स्विच आणि एडिटिंगची मशीन १० गिगाबिटवर न्यायचं ठरलंय. त्यात फाइल्सना हातच लागत नाही, त्यामुळे त्याची काळजी नाही. नॅसचे दोन गिगाबिट पोर्ट एकत्र जोडा असंही कोणी सुचवलं होतं, पण एका मशीनचं एक कनेक्शन तरीही एकाच तारेवरून जातं. म्हणून तो विचार सोडला.

खरी धास्ती डिस्कची आहे. पाच जण वेगवेगळ्या जागचं वाचायला लागले की डिस्कचे वाचणारे हेड सतत इकडून तिकडे पळतात, आणि रेडझेडचा अख्खा गट अशा विखुरलेल्या वाचनात जेमतेम एका डिस्कइतकंच काम देतो. म्हणून ओपनझेडएफएस (झेडएफएसची मुक्त आवृत्ती) २.३ पासून त्याच गटात एकेक डिस्क वाढवता येत असली तरी मला तो मार्ग पटत नाही. जागा वाढेल, ही अडचण तशीच राहील. त्याऐवजी नव्या सहा डिस्कचा दुसरा रेडझेड२ गट त्याच पूलमध्ये (सगळ्या गटांच्या एकत्रित साठ्यात) जोडावा म्हणतो.

हे कोणी चालू कामावर केलंय का? जुनं फुटेज आपोआप दोन्ही गटांत वाटलं जातं का? हे मूळ शूटचं साहित्य आहे, पुन्हा चित्रित होणार नाही. पूल मोडून नव्याने बांधायची माझी अजिबात तयारी नाही.

प्रतिसाद

पूल मोडायची गरज नाही. दुसरा गट जोडल्यावर जुना डेटा जागचा हलत नाही, म्हणजे सुरक्षित राहतो. पण वाटलाही जात नाही. नवं लिखाण दोन्हीकडे जाईल, जास्त करून रिकाम्या गटात. जुने प्रोजेक्ट मात्र त्याच सहा डिस्कवरून वाचले जातील. त्यामुळे फक्त चालू प्रोजेक्ट नव्या डेटासेटमध्ये (पूलमधल्या स्वतंत्र विभागात) कॉपी करा, चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहा आणि मगच नावं बदला. शेअरचं नाव आणि पाथ पूर्वीचाच ठेवा, नाहीतर एडिटिंग सॉफ्टवेअर सगळं मीडिया ऑफलाइन दाखवेल. जुन्या प्रतीचे स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी) असतील तर ती पुसूनही जागा मोकळी होत नाही, हे लक्षात असू द्या.

गट जोडण्याआधी आज्ञा ड्राय रनने, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता चालवून, तपासा. रेडझेड गट पूलमधून परत काढता येत नाही. चुकून सुटी डिस्क जोडली गेली आणि ती बिघडली, तर सगळा पूल जाईल. म्हणून आधी पूलचा चेकपॉइंट (अख्ख्या पूलची परत जाता येईल अशी खूण) घ्या. त्यावर परतलात तर मधल्या काळात लिहिलेलं सगळं जातं, तेव्हा सगळ्यांचं काम थांबवूनच हे करा आणि नीट झाल्यावर चेकपॉइंट काढून टाका.

स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. वेगळ्या मशीनवरच्या बॅकअपमधून एक प्रोजेक्ट परत आणून, उघडून पाहिला आहे का? तो उघडल्याशिवाय नव्या डिस्क बसवू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. बॅकअप आहे, पण त्यातून परत आणून कधी पाहिलेलं नाही. आधी तेच करतो. एक शंका उरते : कॉपी चालू असताना बाकीच्यांना प्रॉक्सीवर (फुटेजच्या हलक्या प्रतींवर) एडिट करू दिलं तर चालेल का, की तेवढा भारही टाळावा?